अक्काचं चांगलं कोलेस्टेरॉल

माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं, चांगलं कोलेस्टेरॉल ऐंशीच्या वर होतं, आणि हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या अख्ख्या नात्यात सापडला नसता. नात्यातच कशाला, बंगळुरात यशवंतपूरला तिच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीलाही ते ठाऊक होतं. ती भाजीवाली मला एकदा म्हणाली, "तुमच्या अक्कांचं रक्त फार चांगलं आहे म्हणे." मी कोथिंबीर घेतली आणि निघाले.

दरवर्षी रक्त तपासून झालं की अक्काचा मला फोन यायचा. मी कोरमंगलातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. पोरं रांगेत पुस्तकं घेऊन उभी असायची आणि इकडे फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"माझं चांगलं यंदाही ऐंशीच्या वर आलं गे. तुझं किती?"

"अक्का, मी कामात आहे."

"म्हणजे कमीच असणार."

कमीच असायचं. माझं चाळिशीच्या आत कुठेतरी घुटमळायचं, आणि ते वर यावं म्हणून अक्कानं माझ्यावर केलेले प्रयोग आठवले तरी अजून डोकं फिरतं. रात्री भिजवलेले अक्रोड. जवसाची चटणी. सकाळी उठल्याबरोबर चमचाभर खोबरेल तेल, तेही उभ्यानं प्यायचं, बसून नाही. का, ते विचारायचं नाही. मी तोंड वेडंवाकडं केलं की ती म्हणायची, "तुला स्वल्प त्रास सोसवत नाही, म्हणून तुझं हे असं." स्वल्प म्हणजे थोडासा, आमच्या घरच्या मराठीत असे कानडी शब्द कधी शिरले ते कुणाला आठवतही नाही, इतक्या पिढ्या आम्ही इथे आहोत. माझा नवरा मात्र पुण्याचा, नोकरीसाठी बंगळुरात आलेला. तो हे सगळं लांबून बघत असायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडे रक्ताचा रिपोर्ट दहावीच्या निकालासारखा लावतात."

तिनं मिरवावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मला राग यायचा तो गोळीवरून. अक्काचं वाईट कोलेस्टेरॉलही बरंच वर होतं. त्यात तिला चाळिशीपासून संधिवात. सकाळी उठली की बोटं मिटत नाहीत, मनगटं सुजलेली. आमचे वडीलही हृदयविकारानंच गेलेले. हे सगळं बघून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची रोजची एक गोळी लिहून दिली होती. अक्कानं ती आणली, तिची पट्टी फ्रिजच्या दारात ठेवली, आणि ती तिथेच राहिली. मी गेले की फ्रिज उघडून बघायचे. एकही गोळी कमी झालेली नसायची.

"अगं, घेत का नाहीस?"

"कशाला? वाईट जरा जास्त आहे, पण चांगलं किती आहे ते बघ ना. ते सगळं धुऊन काढतं. दोघांचा भागाकार केला की मी पास."

"डॉक्टरांनी भागाकार सांगितलाय का गोळी सांगितलीय?"

"डॉक्टरांना रोज शंभर पेशंट. माझं रक्त मला जास्त कळतं."

भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असायचे. ते यशवंतपूरच्याच एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. तिथे म्हणे सगळे त्यांना टरकून असायचे, पण घरात त्यांचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही. मी त्यांच्याकडे बघायचे, ते पेपर उलटायचे. मीही शेवटी हात टेकायचे, कारण वाद घालायला माझ्याकडे तरी काय होतं? चांगलं ते वाईटाला धुऊन काढतं हे मीही ऐकलेलंच होतं. लायब्ररीत बसून दोनचार लेख वाचले असते तर बरं झालं असतं, पण तेवढा पेशन्स नव्हता. मला फक्त एवढंच वाटायचं की जी बाई दुसऱ्याला उभ्यानं तेल प्यायला लावते तिनं एक गोळी गिळायला काय हरकत आहे.

मग देवनहळ्ळीचा गृहप्रवेश आला.

आमच्या एका आतेबहिणीनं विमानतळाच्या पलीकडे, किल्ल्याच्या बाजूला नवीन लेआउटमध्ये घर बांधलं होतं. परवापरवापर्यंत तिथे द्राक्षांचे मळे होते. आता लाल मातीत आखलेले रस्ते, मधेच एखादं तीनमजली घर, आणि पुन्हा मोकळी जमीन. आम्ही तिघं, अक्का, भावजी आणि मी, कॅब करून सकाळीच पोचलो. पूजा झाली, जेवणाच्या पंगती गच्चीवर होत्या. आतेबहिणीनं लिफ्टसाठी जागा सोडली होती पण लिफ्ट अजून यायची होती. सगळे जिने चढून वर.

दुसऱ्या मजल्यावर अक्का थांबली. कठडा धरून उभी राहिली आणि खाली बघायला लागली, जणू काही बाग बघतेय. खाली सिमेंटच्या पोत्यांशिवाय काही नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही. दात दुखतोय."

"कुठला?"

"खालचा. इथे." तिनं हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला हात लावला. कपाळावर घाम होता. देवनहळ्ळीत त्या दिवशी गार वारं सुटलेलं, मी शाल गुंडाळून घेतली होती.

"अक्का, तुला दम लागलाय."

"जिने चढल्यावर तुला लागत नाही का?"

वर गेल्यावर ती जेवायला बसली, पण दोन घास खाऊन हात आखडता घेतला. छातीत जड वाटतंय म्हणाली, गॅस झाला असेल. झालं! गॅस म्हटल्याबरोबर पंगतीतली प्रत्येक बाई वैद्य झाली. कुणी जिऱ्याचं पाणी आणलं, कुणी ओवा. एका मावशीनं पाठीवर थापट्या मारायला सुरुवात केली. मी म्हणत होते, "हिला हॉस्पिटलला नेऊ या," आणि माझ्याकडे कुणी लक्ष देईना. शेवटी जरा जोरात म्हणाले तेव्हा आतेबहिणीनं मला बाजूला घेतलं.

"शुभकार्यात असं काय गं ओरडतेस? हिला हार्टचं काय होणार? हिचं चांगलं किती वर आहे ते मला ठाऊक नाही का?"

मला तिथल्या तिथे जिना उतरून चालत बंगळूरला जावंसं वाटलं.

कसंबसं समजावून मी अक्काला खाली आणलं आणि कॅबमध्ये बसवलं. भावजी पुढे, ड्रायव्हरशेजारी. पोटभर जेवलेले, हमरस्त्याला लागेपर्यंत त्यांचा डोळा लागला. अक्का खिडकीशी टेकून बसली होती. बरं वाटतंय म्हणाली. मलाही वाटलं, असेल गॅस. पण हेब्बाळच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या, आम्ही अडकलो, आणि मी बघितलं तर तिचा चेहरा राखेसारखा झालेला. डावा हात मांडीवर उताणा टाकलेला. ब्लाउज घामानं भिजून गेला होता.

मी ड्रायव्हरला कानडीत म्हणाले, "अण्णा, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला घ्या."

अक्का डोळे न उघडता म्हणाली, "बेडा. यशवंतपूर."

बेडा म्हणजे नको. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"हॉस्पिटल," मी म्हणाले.

"यशवंतपूर," अक्का म्हणाली. "घरी जाऊन पडते. मला काही झालेलं नाही. माझं चांगलं..."

"तुझं चांगलं गेलं खड्ड्यात!" मी किंचाळले. गाडी उभी होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि तो बिचारा ड्रायव्हर विचारत होता, "मॅडम, उजवीकडे का डावीकडे, एक काय ते सांगा." दोघी बहिणी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशा सांगतोय, आणि त्यातली एक मरायला टेकलीय असं मला वाटतंय आणि तिला वाटतंय की हिला सवयच आहे ओरडायची. इतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आलेला नाही. घाबरले होते की चिडले होते, आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात भावजी जागे झाले. मागे वळून त्यांनी अक्काकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले असं मला वाटलं, पण तेवढा वेळ नसणारच. मग ड्रायव्हरला म्हणाले, "हॉस्पिटल."

"अहो," अक्का म्हणाली.

"गप्प बस," भावजी म्हणाले.

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. अक्का गप्प बसली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तिला आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं. तिथली तरुण डॉक्टर कानडीत विचारत होती, "अम्मा, शुगर आहे का? बीपी? घरात कुणाला हार्ट?" आणि अक्का ऑक्सिजनची नळी नाकात असताना उत्तर काय देतेय? "माझं एचडीएल ऐंशीच्या वर आहे." ती मुलगी हसली आणि लिहायला लागली. मी पडद्याबाहेर आले आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

हार्ट अटॅकच होता. फार मोठा नव्हता, पण होता. रक्तात त्याची खूण दिसली, ईसीजीतही बदल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी केली. मनगटातून नळी घालायची होती, पण संधिवातानं तिची मनगटं इतकी आखडलेली की जमेना, मग मांडीतून घातली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली. तिथे स्टेंट बसवला. बाकीच्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांत थोडं थोडं साठलेलं होतं, त्याला औषधं.

दुपारी भेटायची वेळ सुरू झाली आणि नातेवाईक यायला लागले. संत्री, शहाळी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: "चांगलं एवढं वर असून असं कसं झालं?" कुणी म्हणे दृष्ट लागली. कुणी म्हणे लॅबवाल्यानं कुणाचा तरी दुसऱ्याचा रिपोर्ट दिला असेल इतकी वर्षं. आतेबहीण मला बघून डोळे पुसायला लागली आणि म्हणाली, "त्या जिन्यांनीच घात केला." जिन्यांनी! मी भावजींना म्हणाले, चला खाली कॉफी पिऊन येऊ, नाहीतर मी कुणालातरी काहीतरी बोलून बसेन.

अक्का मात्र अजिबात बोलत नव्हती. हेच मला जास्त लागत होतं. आलेल्या माणसांकडे न बघता छताकडे बघत पडून होती.

संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर राउंडला आले. पन्नाशीचे, शांत, मैसूरकडचं कानडी बोलणारे. अक्कानं त्यांना खुर्चीवर बसायला लावलं. राउंडवरच्या डॉक्टरला! आणि ते बसले.

"सर, मला एक सांगा," ती म्हणाली. "माझं चांगलं कोलेस्टेरॉल इतकी वर्षं भरपूर आहे. मग त्यानं काय केलं?"

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, रिपोर्टमध्ये जो आकडा येतो ना, तो त्या चांगल्या कणांमध्ये किती कोलेस्टेरॉल भरलेलं आहे त्याचा. त्यांचं खरं काम म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेलं कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृताकडे पोचवायचं. ते हे काम किती नीट करतायत ते त्या आकड्यात दिसत नाही."

"म्हणजे आहेत पण काम करत नाहीत?"

"तसं होऊ शकतं. कुणाचा आकडा मधलाच असतो पण काम उत्तम चालतं. कुणाचा आकडा मोठा आणि काम यथातथा. आणि फार मोठा आकडा म्हणजे फार मोठं संरक्षण, असंही नाही."

"मग काम करतात की नाही ते बघायची टेस्ट का नाही केली माझी?"

"संशोधनाच्या प्रयोगशाळेत करतात. रोजच्या तपासणीत अजून आलेली नाही. मीही तुमची करून देऊ शकत नाही."

अक्का माझ्याकडे बघायला लागली, जणू त्या टेस्टची सोय मीच केली नव्हती. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि सुजलेली बोटं बघितली.

"हा संधिवात किती वर्षांचा?"

"पंचवीस तरी."

"या आजारात शरीरात आत सतत दाह चालू असतो. तो सांध्यांपुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांनाही त्याचा त्रास होतो, आणि अशा दाहात हे चांगले कण बिघडू शकतात. त्यांचं उचलण्याचं काम मंदावतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमचं वाईट कोलेस्टेरॉल वर होतं, संधिवात होता, वडिलांचा इतिहास होता. एवढ्यावर ती गोळी चालू असायला हवी होती. चांगल्याच्या भरवशावर वाईटाला मोकळं सोडता येत नाही."

मला वाटलं होतं की हे वाक्य ऐकून मला बरं वाटेल. कितीतरी वर्षं मी वाट बघत होते की कुणीतरी हे तिला तोंडावर सांगावं. तिचा चेहरा बघितला आणि काही बरं वाटलं नाही.

मग मी माझं विचारून घेतलं. राहवेना. "सर, माझं चाळिशीच्या आत आहे. ते वाढवण्यासाठी मी काय काय..."

"कमी असणं ही खूण आहे, तेव्हा तुम्हीही एकदा सगळं तपासून घ्या," ते म्हणाले. "पण नुसता तो आकडा वर न्यायचा म्हणून काही करू नका. तो वाढवणारी औषधं काढून बघितली लोकांनी. आकडा वाढला, अटॅक काही कमी झाले नाहीत."

"अक्रोड?"

"खा की. आवडत असतील तर."

"खोबरेल तेल?"

ते हसले. "ते केसांना लावा."

मी अक्काकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि त्या वॉर्डात इतर पेशंट होते.

तिला घरी आणलं त्या आठवड्यात मी रजा घेऊन यशवंतपूरलाच राहिले. गोळ्यांचा ढीग, पथ्य, भावजींची धांदल. अक्का ऐकायची, मीठ कमी म्हटलं तर कमी, हळू चाल म्हटलं तर हळू. मी आयुष्यभर जिच्याशी भांडले ती बाई असं मुकाट ऐकायला लागली की किती वैताग येतो ते सांगून कळायचं नाही. एका सकाळी ती खिडकीशी बसली होती, मालगाड्यांच्या लाइनीकडे बघत. मी तिच्यासमोर इडली ठेवली. तिला चटणीचा चमचा धरता येईना, सकाळची वेळ, बोटं आखडलेली. मी चमचा उचलला तशी ती म्हणाली, "राहू दे."

मग म्हणाली, "तुला आठवतं का गे, मला संधिवात आहे हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा?"

"हो."

"तेव्हापासून किती वेळा रक्त दिलं असेल मी. प्रत्येक रिपोर्टमध्ये लाल अक्षरं. हे वाढलं, ते घटलं, इथे सूज, तिथे कमी. डॉक्टरांच्या समोर बसायचं आणि ते कागद बघून मान हलवणार. मग एकदा एक डॉक्टर म्हणाला, अरे वा, तुमचं एचडीएल किती छान आहे! अगं, माझ्या शरीराला कुणी छान म्हणालं ते तेवढंच."

मी चटणीची वाटी तिच्याजवळ सरकवली.

"आणि तेही बिनकामाचं निघालं," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं इडली मोडायला लागली.

मी आजवर त्या फोनमध्ये फक्त फुशारकी ऐकली होती. मोठी बहीण, सगळ्यात पहिली, माझ्यापेक्षा सरस. पंचवीस वर्षं लाल अक्षरं वाचणारी बाई त्या एका ओळीला धरून बसली होती हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तरीही सांगते, मला तिची कीव आली आणि लगेच पुन्हा रागही आला, कारण ती गोळीची पट्टी तोपर्यंत फ्रिजच्या दारातच होती आणि तिच्यावरची तारीख उलटून गेलेली होती. मी ती कचऱ्यात टाकली. नवी पट्टी जेवणाच्या टेबलावर ठेवली, भावजींच्या समोर. ते रोज रात्री जेवण झालं की एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायला लागले. काही न बोलता. ती काही न बोलता घ्यायची.

हळूहळू तिला पुन्हा आवाज फुटला. आधी स्टेंटवाल्या हॉस्पिटलच्या उपम्याला नावं ठेवली, मग माझ्या स्वयंपाकाला. तिसऱ्या आठवड्यात, मी पुन्हा कामावर जायला लागले होते तेव्हा, फोन करून विचारलं की डॉक्टर जे म्हणाले त्याच्यावर तुमच्या लायब्ररीत काही आहे का. मी दुपारची जेवायची सुट्टी सोडून वाचलं, तिला समजेल असं सांगितलं. ती मधेमधे "सरी, सरी" म्हणत होती, म्हणजे बरोबर, बरोबर. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं. संधिवाताच्या डॉक्टरांकडे स्वतःहून गेली, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी औषध बदललं, दाह ताब्यात ठेवायला हवा म्हणाले. पुढच्या रक्ताच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच खाली आलं होतं. सकाळी भावजींबरोबर ती रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूनं फिरायला जायला लागली, मधेमधे बसत.

पण आमच्या घरात काहीही सरळ राहत नाही.

परवा रविवारी मी तिच्याकडे गेले होते. नागपूरच्या चुलतभावाचा फोन आला. स्पीकरवर. तो म्हणत होता की त्याचं चांगलं कोलेस्टेरॉल यंदा वाढलंय, बायकोनं घरचं तूप सुरू केलं म्हणून.

"अय्यो, त्याचा काही उपयोग नाही!" अक्का ओरडली. "चांगलं बिंगलं सगळं खोटं असतं. डॉक्टरनी मला सांगितलं. ते बघायचंच नाही. फिरणं बंद कर, व्यायाम बंद कर, काही उपयोग नाही, नुसती गोळी घे!"

"अक्का!" मी फोन ओढून घेतला. "अरे, असं नाहीये. ती चुकीचं सांगतेय. खोटं नसतं. आकडा पुरेसा नसतो, एवढंच. फिरणं बंद करू नकोस. वाईट किती आहे तुझं?"

"ते काही बघितलं नाही गं," तो म्हणाला. "चांगलं चांगलं आलं म्हणून बाकीचं वाचलंच नाही."

"वाच. आणि डॉक्टरांना दाखव."

"तुमच्या बंगळुरातले डॉक्टर लोकांना घाबरवतात फार. मला काही होत नाही. परवा जरा जिना चढताना दम लागला, तो थंडीनं."

अक्का आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. अक्कानं फोन माझ्या हातातून परत घेतला. स्पीकर बंद केला, कानाला लावला, आणि इतक्या हळू आवाजात बोलायला लागली की मला मान वाकवावी लागली.

"ऐक," ती म्हणाली. "दात दुखतोय का? जबड्याशी? खरं सांग. मला खोटं सांगू नकोस, मी स्वतःलाच खोटं सांगून बसले होते."

तो बहुतेक म्हणाला असावा की तसं नाही, फक्त दम. अक्का म्हणाली, "उद्या सकाळी जा. बायकोला दे फोन."

बायकोला तिनं सगळं सांगितलं, निम्मं बरोबर आणि निम्मं चूक. तुपावरून तिथेही वाद घातला. मी शेजारी बसून चुका दुरुस्त करत होते आणि ती मला हातानं गप्प करत होती. भावजी आतून येऊन विचारून गेले, कॉफी टाकू का. कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी टाकलीच.

सोमवारी दुपारी चुलतभावाच्या बायकोचा मेसेज आला: ईसीजी काढला, पुढच्या तपासण्या सांगितल्यात, करून घेतोय. आणि खाली, तुमच्या अक्कांना सांगा, तूप बंद केलेलं नाही.